चिखलीत कोरलेला चेहरा

मलकापूरला उतरले तेव्हा सकाळचेच ऊन फलाटाच्या फरशीवरून वर येत होते. साताऱ्याहून निघताना शाळेतल्या बाईंनी विचारले होते, "ऐन मे महिन्यात वऱ्हाडात? तेही लाकूड कोरायला?" मी कन्याशाळेत चित्रकला शिकवत होते. ठसाचित्रे फक्त पुस्तकात पाहिली होती. चिखलीच्या एका शाळेत उन्हाळी सुट्टीत ती शिकवणार आहेत असे कळले आणि मी नाव घातले.

एस.टी. राजूरचा घाट चढून बुलढाण्याला आली, तिथे जरा गार वाटले. चिखलीला पोचेपर्यंत ते वाटणेही संपले. स्टँडवर शेवंता मला न्यायला आली होती. डोणगावची ही प्राथमिक शिक्षिका त्याच वर्गाला आलेली. आम्हा दोघींना राहायला शाळेजवळ एकच खोली होती.

"ऊन लागलं काऊन (का) तुमाले? तोंड पार लाल झालं," ती म्हणाली आणि माझी ट्रंक स्वतःच उचलली.

वर्ग पहाटे सुरू होई, कारण दुपारी शाई फिरवायच्या रुळावरच वाळे. आमचे काळे सर मुंबईला शिकून गावी परतलेले. बाजारात लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता, तिथून ते शाई आणत. सागवानाच्या फळीवर चित्र काढायचे, पांढरे हवे तिथले लाकूड कोरून टाकायचे, उरलेल्यावर शाई फिरवायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. मी धान्यबाजाराचे चित्र कोरले. ठसा उठला तेव्हा दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उलटी आली होती. सगळे हसले, मीही हसले.

शेवंताने मात्र बाजार, झाड, बैलगाडी असले काही घेतले नाही. ती एका बाईचा चेहरा कोरत होती.

"आई हाये माही," एका दुपारी ती म्हणाली. आम्ही खोलीत रस आणि सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेल्या पोकळ शेवया) खात बसलो होतो. "मी लहान होती तवाच वारली. तिचा एकही फोटो नाही. आमी भावंडं चार गावाले चार. आईचा विषय निघाला का जो तो आपल्या मनची आई सांगते. म्हटलं, एक आई असावी सगळ्याइच्या घरी, सारखीच."

तेव्हा कुठे मला कळले, की ती हे शिकायला का आली होती. रंगवलेले चित्र एकाच घरी राहिले असते.

पहिला ठसा फार चांगला आला. खोल गेलेले डोळे, मिटलेले ओठ, कपाळावर आठ्या. काळे सर बराच वेळ पाहत राहिले. "आता याला हात लावू नका," ते म्हणाले. पण शेवंताला तो आधी मावशीला दाखवायचा होता. रविवारी आम्ही मेहकरवरून डोणगावला गेलो.

मावशी दारातल्या उजेडात बसली. तिने कागद लांब धरला, मग जवळ आणला.

"कोन व्हय हे?"

"आई व्हय, मावशे."

मावशीने मान हलवली. "हे तिचं दुखनं (आजारपण) व्हय. तू लहान होती, तुले तिचं दुखनंच याद हाये." तिने कागद मांडीवर ठेवला. "तुही माय अशी नोती बाई. दात पुढं होते तिचे, म्हनून हासे तं पदर तोंडाले लावे. दिवसभर पदर तोंडालेच राहे. निंदाले (खुरपायला) जावो तं सारं वावर हासवे."

शेवंताने कागद उचलून पिशवीत ठेवला. मावशीने भाकरी आणि ठेचा वाढला, ते खाऊन आम्ही निघालो. परतीच्या एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून होती.

"मले तिचं हासनं आठवतच नाही," मेहकर गेल्यावर ती म्हणाली. "मी कसं काढू?"

मी सांगितले, की आहे तोच ठसा सुंदर आहे, सरांनीही तसेच म्हटले आहे. तिने माझ्याकडे पाहिले. "सुंदर हाये. पन भावाइले मी तिचं दुखनं वाटू काय?"

वर्ग संपत आला होता. जुन्या चेहऱ्यात बदल करणे शक्य नव्हते; ओठांभोवतीचे लाकूड कोरून गेलेले, तिथे पदर कुठून आणायचा? रंधा मारलेली नवी फळी उरली नव्हती. शेवंताने तीच फळी उलटी केली आणि मागच्या बाजूवर काढायला सुरुवात केली. मला पदर तोंडाला लावून हसायला सांगून ती डोळ्यांच्या कडा पाहत बसे. सर म्हणाले, फळी पातळ आहे, पटाशी खोल गेली तर दोन्ही चेहरे जातील. ती श्वास धरून कोरत होती आणि मी कंदिलाची काच पुसावी तसा तिच्या कपाळावरचा घाम पुसत होते.

फळी टिकली. या बाईचे तोंड दिसत नव्हते, नुसते डोळे दिसत होते.

शेवटच्या दिवशी शेवंताचे थोरले भाऊ तिला न्यायला अकोल्याहून आले. कोणीच त्यांना काही सांगितले नव्हते. दोरीवर सगळ्यांचे ठसे वाळत होते. ते एकेक बघत आले आणि थांबले. टोपी काढून हातात घेतली.

"हासू दाबून राह्यली," ते हळूच म्हणाले. "आता कोनाची तरी नक्कल करन थे (करेल ती)."

शेवंता त्यांच्या मागे उभी होती. "दादा, कोनाची करे?"

"साऱ्याइची. तुही बी (तुझीही) करे, रांगत होती तवा."

मग ते दोघे तिथेच जमिनीवर बसले आणि भाऊ बोलत राहिले. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

मला त्यातला ठसा मिळाला नाही. भावंडांपुरते आणि मावशीपुरतेच काढायचे असे तिने ठरवले होते, आणि मलाही ते योग्य वाटले. परतीच्या गाडीत मी वही काढली आणि माझ्या आईचा चेहरा काढून पाहू लागले. डोळे जमले, चष्मा जमला. ती हसते तेव्हा गालाचे काय होते ते काही केल्या आठवेना. रोज जिच्या हातचे जेवते, तिचे हसणे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

घरी पोचले तेव्हा आईनेच दार उघडले. माझ्या काळवंडलेल्या तोंडाकडे पाहून ती हसू लागली. ट्रंक हातातच होती. "आत ये ना, अशी काय बघतेस?" ती म्हणाली.

"थांब जरा," मी म्हटले, आणि उंबऱ्यावरूनच बघत राहिले.