हितं वारा नाय

भुताखेतांवरचा विश्वास मी नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्येच सोडून आले होते. वाडीवर कुणाच्या अंगात आलं म्हणून बोलावलं, तर मी आधी ताप बघायचे. आजही तशीच आहे. तरी हे लिहायला मला इतकी वर्षं लागली...

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत मी बाळांना डोस पाजायला गेले होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. एक बाई धापा टाकत आली — "बाई, चला! शंकर हिरीत पडलाय!"

विहीर शेतांच्या पलीकडे होती. पाणी खोल गेलं म्हणून शंकरने डिझेल इंजिन दोरांनी आतल्या कट्ट्यावर उतरवलं होतं. तासभर चालून ते आपोआप बंद पडलं. काय झालं बघायला तो खाली उतरला आणि कट्ट्यावरून चिखलात कोसळला. एक जण मदतीला उतरत होता, त्याला चार पायऱ्यांतच चक्कर आली. कसाबसा वर आला. मी पोचले तेव्हा शंकरला पडून अर्धा तास झाला होता. वरून फक्त त्याची पाठ दिसत होती. तोंड चिखलात.

तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ बाळू धसईच्या बाजारातून परतला आणि बातमी कळताच पळत आला. कमरेला दोर बांधला, पाय आत टाकला. मी हात धरला, तो त्याने झटकला.

आणि खालून आवाज आला.

"बाळू, उतरू नको रे. हितं वारा नाय."

ओरडून नाही... समोर बसून बोलावं तसा. बाळू थिजला. मी ऐकलं, काठावरच्या तिघांनी ऐकलं. शंकरची पाठ हलली नव्हती.

आम्ही कंदील सोडला — अर्ध्यावर विझला. मग कुणालाच उतरू दिलं नाही. फांद्या दोराला बांधून वरखाली केल्या, बादल्या ओतल्या, हवा खेळवली. कंदील तळाशी टिकला तेव्हा बाळू उतरला. शंकर गेला होता. मला वाटलं, ओठ निळे पडले असतील. ते गुलाबी होते, तान्ह्या बाळासारखे.

मुरबाडला पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी समजावलं — "इंजिनच्या धुरातला गॅस. रक्त ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं, म्हणून हा रंग. गुदमरल्यासारखंही वाटत नाही. पाय जातात, शुद्ध जाते, संपलं."

मी आवाजाचं सांगितलं.

"सिस्टर, आवाज म्हणजे बाहेर पडणारा श्वास. याच्या श्वासनळीत चिखल भरलाय. पडल्यावर हा एक शब्दही बोललेला नाही."

हे मी बाळूला सांगितलं. शंकर आधीच गेला होता, हे कळून त्याला बरं वाटावं म्हणून.

सात-आठ वर्षांनी तो शहापूरच्या एसटी स्टँडवर भेटला. अर्धा झाला होता.

"बाई, डाक्टर म्हनला, तो मेला व्हता. मेलेला मानूस बोलतो का? जिता असंल, म्हून बोलला. आन् मी वर उभा राहून फांद्या हलवत बसलो."

"उतरला असतास तर तूही राहिला नसतास रे."

"त्याचं बी तेच म्हननं व्हतं ना," बाळू म्हणाला आणि मुरबाडच्या गाडीत चढला.

पाच जणांना एकाच वेळी तोच भास? छातीत उरलेली हवा? सगळं ताडून पाहिलं, एकही गोष्ट बसत नाही. आम्ही काठावर उभे होतो तेव्हा शंकर जिवंत होता का... मला अजून माहीत नाही.