मोरीचा मान

आमच्या इमारतीच्या जिन्यात एक बातमी बरेच दिवस मुक्कामाला आहे. ती अशी: तिसऱ्या मजल्यावरची कवळ्या बनवणारी बाई, म्हणजे माझी आत्या, वाइन ढोसून ढोसून नाक घालवून बसली. आता तिला मोगरा आणि मळका मोजा यांतला फरक कळत नाही.

दुसरं वाक्य खरं आहे, पहिलं साफ खोटं. आत्याचं नाक गेलं ते तापात. ताप उतरला, नाक परत आलं नाही. आणि ढोसण्याचं म्हणाल तर महिन्यातून एका संध्याकाळी चार जण जमतात, चार बाटल्या उघडतात, दोन-दोन घोट घेतात आणि मनसोक्त भांडतात. वाइनपेक्षा भांडणच जास्त चढतं.

चौघं शाळेपासूनची. आत्या, जनावरांचा डॉक्टर, भूगोलाच्या बाई, ज्यांना मित्रसुद्धा ‘बाई’च म्हणतात, आणि कुलपं दुरुस्त करणारा किल्ली. नियम असा की प्रत्येकाने एक बाटली आणायची, दुकानदारानेही डोकं खाजवावं अशी. ती लोकरीच्या मोज्यात घालून गळ्याशी गाठ मारायची. मोजा ज्याचा, तो गप्प. बाकीच्यांनी चाखून सांगायचं, कशाची, कुठली, किती जुनी. शेवटी ज्याचे अंदाज सगळ्यांत लांब पडतील तो ‘मोरीचा मानकरी’. त्याने सगळे ग्लास हाताने धुवायचे आणि बाकीच्यांनी दारात उभं राहून टोमणे मारायचे.

नाक गेल्यापासून आत्याला हा मान एकदाही मिळाला नव्हता.

आधी तिला वाटलं, नशीब. मग एकदा तिने मधाची वाइन ‘सफरचंदाची’ म्हणून सांगितली, तर बाई म्हणाल्या, “जवळ आलीस गं, अगदी शेजारच्या गल्लीत!” किल्लीने तीच बाटली अचूक ओळखली होती, तरी बाह्या सरसावून मोरीकडे तोच निघाला. आत्या खुर्चीत बसून राहिली. आतून नळाचा आवाज येत होता आणि एकही टोमणा नव्हता. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“मला हरूसुद्धा देत नाहीत,” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. हातात कुणाची तरी खालची कवळी होती आणि ती पॉलिशच्या चाकावर इतकी दाबून धरली होती की त्या माणसाची मला कीव आली. “खेळातून काढलंय मला. खुर्ची तेवढी ठेवलीय, शोभेला.”

“मग जाऊ नकोस.”

“का नको? खुर्ची माझी आहे! या वेळी ग्लास मी धुणार. टोमणे खात धुणार.”

मी म्हटलं, शक्यच नाही, ती माणसं लोण्याची आहेत. पैज लागली. आत्याची नक्कल करणं हा माझा रोजचा उद्योग. मी जिंकले तर त्या तिघांसमोर आत्याची नक्कल करणार, हरले तर महिनाभर तिची नक्कल बंद.

बैठक किल्लीच्या घरी होती. मी तिथे नव्हते, पण नंतर आत्याने शब्दन् शब्द सांगितला. पहिला मोजा डॉक्टरचा. ग्लासात गढूळ नारिंगी काहीतरी उतरलं. आत्याने घोट घेतला, गालांत फिरवला, डोळे मिटले आणि गंभीरपणे सांगितलं, “ही बिटाची. थंड प्रदेशातली. आणि पिंपात नाही, प्रेशर कुकरमध्ये मुरवलेली. दोन शिट्या.”

किल्ली छताकडे बघायला लागला. बाईंनी घसा साफ केला. “म्हणजे... जमिनीखालचं काहीतरी जाणवतं खरं.”

डॉक्टरने गप्प राहायचं होतं, पण त्याच्याने राहवेना. “शिट्यांचं सोडलं तर अगदीच चूक नाही हं.”

आत्याने ग्लास खाली ठेवला. “किती शिट्या केल्या असत्या म्हणजे बरोबर आलं असतं, डॉक्टर?”

“तसं नाही गं,” डॉक्टर चुचकारत म्हणाला.

“म्हशीला इंजेक्शन देताना जो आवाज काढतोस ना, तो माझ्याशी काढू नकोस.”

“अगं पण तुझं नाक...”

“नाक गेलंय. मी इथेच आहे! आंबट कळतं मला, तुरट कळतं, जड-हलकं कळतं. त्यावर खेळेन आणि तोंडावर आपटेन. पण आपटले की आपटली म्हणा!”

“तुला वाईट वाटेल असं वाटलं,” किल्ली पुटपुटला.

“वाटू दे की! पूर्वी नव्हतं वाटत? मोरीत ढकलून बाहेरून कडी घातली होतीस तू.”

“ती कडी अडकली होती गं.”

“कुलूपवाल्याच्या घरात?”

बाईंना हसू आवरेना. आत्या मात्र हसली नाही. तिने तोच ग्लास पुन्हा उचलला आणि या वेळी मनापासून चाखला. बराच वेळ घोट तोंडात धरून ठेवला.

“हिरड्या आवळतात,” ती हळूहळू म्हणाली. “सालीसकट मुरवलीय. द्राक्षच. मडक्यातली. उन्हाचा प्रदेश. जुनी, चांगलीच जुनी.”

तिला खात्री होती. नाक गेल्यानंतर पहिल्यांदाच अशी खात्री वाटली होती. डॉक्टरने मोज्याची गाठ सोडली.

“नाशपाती,” तो म्हणाला. “बर्फाच्या डोंगरातली. गेल्या वर्षीची.”

आत्याचा चेहरा खरंच पडला. किल्लीने लगेच सांत्वनाला तोंड उघडलं, तशी तिने त्याच्यापुढे बोट नाचवलं. खबरदार! मग डॉक्टरकडे वळली. “बोल.”

“चूक,” डॉक्टर म्हणाला. पण तोंडातल्या तोंडात. त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी चांगलं मोठ्याने. “फळ चूक, प्रदेश चूक, वय चूक. भुईसपाट!”

“शून्य,” बाई गरजल्या. “उद्या पालकांना घेऊन ये.”

मग जी संध्याकाळ रंगली म्हणता! बाईंच्या मोज्यातली वाइन समुद्राकाठची आहे हे आत्याने खारटपणावरून ओळखलं आणि टेबलावर मूठ आपटली. किल्लीच्या बाटलीवर पुन्हा सपशेल पडली. तिच्या स्वतःच्या मोज्यात खरोखरीची बिटाची वाइन होती. तिघांनीही ती द्राक्षांची ठरवली, बाईंनी तर नदीचं खोरंसुद्धा सांगितलं. तरीही हिशेब झाला तेव्हा सगळ्यांत लांब आत्याच होती, आणि कुणी एक शब्द बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या पुस्तकांवर काहीतरी ठेवून उभी राहिली. ग्लासाचा तुटका दांडा होता.

“धुताना फुटला,” ती म्हणाली. “तिघंही दारातून ओरडत होती. दांडा धर, दांडा! कुकर राहिला घासायचा! फुटल्यावर तर किल्ली म्हणाला, नाकाबरोबर हातही गेले का हिचे.”

हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मला लगेच तसाच करून दाखवावासा वाटला. भुवया वर गेल्याही होत्या माझ्या.

“अं हं,” आत्या म्हणाली. “महिनाभर.”

तोंडाने बंद आहे. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.