लेकीच्या मरणाचा खुलासा

माझा मुलगा मुंबईत एका मंत्र्याचा प्रसिद्धी अधिकारी होता. मंत्र्याने काही केलं की बातमी द्यायची, काही बिघडलं की खुलासा द्यायचा, हे त्याचं काम. एकदा देऊळघाटला घरी आला तेव्हा जेवता जेवता ऐटीत म्हणाला, "खुलासा लिवा लागत नाही आई, तयारच असते. दवाखान्यात बाई मेली का नातेवाइकांनी उशीर केला. पूल पडला का जुन्या सरकारनं बांधला होता. नाव टाकायचं, पाठवून द्यायचं."

"अन् खरं काय ते कोन इचारते?"

"कोनी नाही," म्हणाला आणि भाकरी मागितली.

धाकटी लेक नांदुऱ्याकडे दिली होती. आमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. मुलाला निवडणुकीची घाई होती. अक्षता पडल्या तसा गाडीत बसून गेला. बहिणीचं सासरचं नाव काय, हे त्याने कधी विचारलं नाही. फोनवर तिला घरच्या नावाने हाक मारायचा, जावयाला नुसतं पाव्हणे.

बाळंतपणाला तिला माहेरी आणायची होती, पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जावयाचा फोन आला तशी मी निघाले. पोचले तेव्हा ती सरकारी दवाखान्यात खाटेवर होती, सकाळपासून. डॉक्टर नव्हता. नर्स म्हणायची, येऊन राह्यले. जावई फाटकापर्यंत धावत जायचा आणि तसाच परत यायचा. दिवस मावळायच्या आत लेक गेली, पोटातलंही गेलं. मी मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही. तो तेव्हा खुलासा पाठवत होता.

रात्री त्याला निरोप पोचला, सकाळी तो तिच्या सासरी आला, मोठ्याने रडला. शेजारच्या एकाने पेपर आणून ओट्यावर वाचला. नातेवाइकांनी रुग्णाला उशिरा आणल्यामुळे मृत्यू झाला, असं त्यात लिहिलं होतं. मी मुलाला बाजूला घेतलं.

"हे तुनं लिवलं?"

त्याने पेपर पाहिला. त्याचं रडणं थांबलं. दवाखान्याने कळवलं त्यात सासरचं नाव होतं, आणि आडनाव अर्ध्या तालुक्याचं.

"मले ओळखू आलं नाही आई."

"मंग आता दुरुस्त कर. लिव का पाव्हण्यानं उशीर केला नव्हता."

"खुलाशावर खुलासा देत नसतात. साहेबांचं नाव खराब होते."

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि तो गेला. गावाने पेपरातलं खरं धरलं. जावयाच्या तोंडावर लोक म्हणायचे, बायको मारली. त्याच्या आईने देवळात जाणं सोडलं. दुसरी मुलगी त्याला कोणी दिली नाही.

पुढे मंत्री पडला आणि मुलगा घरी बसला. मग टीव्हीवर दिसू लागला. मी चौथी शिकले आहे, खालची पट्टी मला वाचता येते. राजकीय विश्लेषक, असं लिहिलेलं असायचं. ज्या मंत्र्याचं खाल्लं त्यालाच शिव्या द्यायचा. एक दिवस तिथे बसून म्हणाला, "या लोकांनी माझी सख्खी बहीण मारली." डोळे पुसले. खुलासा कोणी लिहिला ते सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात कॅमेरावाले घेऊन माझ्या दारात आला.

"दोन शब्द बोल आई. बहिणीसाठी."

मला वाटलं, बरं झालं. पेपराने केलं ते टीव्हीने निस्तरू दे. चॅनलच्या मुलीने विचारलं, "आजी, त्या दिवशी काय झालं?"

मी म्हटलं, "माह्या जावयानं तिले सकायीच नेलं होतं. डॉक्टर नव्हता. जावयानं उशीर केला असं ह्यानं लिवलं, तुमच्या ह्या साहेबानं, सोताच्या बहिनीवर. इचारा त्याले."

मुलगा पुढे आला, "आई थकली आता," म्हणाला आणि कॅमेरा बंद करायला लावला.

मग ते टीव्हीवर लागलं. माझा चेहरा होता, तोंड हलत होतं. आवाज त्याचा होता. "त्या दिवसापासून माझ्या आईची वाचाच गेली," असं तो सांगत होता. खालून वाजंत्री लावली होती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने लेकीच्या सासरी गेले. गिरणीवर बाया दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांसमोर मी पहिल्यापासून सांगितलं, मुलाचं नाव घेऊन सांगितलं.

एक म्हणाली, "अवं माय, तुमची तं वाचा गेली ना? टीव्हीवर सांगतलं."

"मंग आता काय गायीनं हंबरलं?"

ती शेजारणीकडे वळली. "पोरगी मेल्यापासून डोकंही गेलं वाटते. पाह्य ना, पोराले शिव्या देऊन राह्यली अन् जावयाची बाजू घेऊन राह्यली."

तेवढ्यात मला न्यायला जावई गिरणीच्या दारात आला. त्याला पाहून बायांनी आपापले डबे जवळ ओढले.