सिराजुद्दीन तांडेलांची कबुली

सिराजुद्दीन तांडेलांबद्दल कोणी लिहावं हे मला ठाऊक नाही, पण मी लिहू नये हे नक्की. तरी लिहितोय. त्यांच्याविषयी सरकारी कागदावर आजवर एकच वाक्य लिहिलं गेलं. ते मी लिहिलं, आणि ते खोटं होतं.

रेवसच्या अलीकडे खाडीत एक लहानसा धक्का होता. १९५५ साली मी तिथे कारकून म्हणून लागलो. सिराजचाचा तेव्हा पन्नाशीचे; शिडाच्या मालवाहू मचव्याचे तांडेल, म्हणजे कप्तान. गुडघ्यापर्यंत लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी आणि आवाज इतका हळू, की हा माणूस मचव्यावर हुकूम कसा देत असेल असं वाटायचं. ते हुकूम देतच नसत. हात नुसता उचलला की खलाशी शीड उतरवायला लागत. तीस वर्षं मुंबईहून माल आणत होते, पण कुणाचं पोतं कधी भिजलं नव्हतं. अक्षरओळख मात्र नाही. कागद आला की माझ्याकडे येत आणि मी वाचून दाखवेपर्यंत टोपी सारखी करून अदबीने उभे राहत.

मी मॅट्रिक झालेला, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. ऑफिसचा सगळा कारभार इंग्रजीत. माझे सुरुवातीचे रिपोर्ट हेडक्लार्कांनी लाल पेन्सिलीने रंगवून परत पाठवले होते. माझ्या रिपोर्टात जो तो ‘सेड’ करायचा. तांडेल ‘सेड’, हमाल ‘सेड’, व्यापारी ‘सेड’. हेडक्लार्कांनी समोर बसवून शिकवलं, की माणूस नुसतं सांगत असेल तर ‘स्टेटेड’, पुराव्याशिवाय आरोप करत असेल तर ‘अलेज्ड’, आणि स्वतःची चूक मान्य करत असेल तरच ‘ॲडमिटेड’. “दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालताना हात आखडता घ्यावा,” असंही म्हणाले. मी शब्द वहीत उतरवले. हे शेवटचं वाक्य उतरवलं नाही.

खाडीच्या तोंडाशी भरतीत बुडणारा एक खडक होता. तिथला खुणेचा बांबू दर पावसाळ्यात वाहून जायचा. नारळी पौर्णिमेनंतर नवा रोवून घेणं हे माझं काम. १९५७ साली मी ते केलं नाही. अडचण कसलीच नव्हती, नुसता आळस. आज करू, उद्या करू, म्हणता म्हणता दिवाळी उलटली.

कार्तिकातल्या एका सकाळी दाट धुकं होतं आणि पाणी पूर्ण भरलेलं. शाळेच्या छपराची कौलं घेऊन सिराजचाचांचा मचवा आत येत होता. तो त्याच खडकावर चढला. माणसं पोहून काठाला लागली. मचवा फुटला, कौलं तळाला गेली.

दुपारी ते ओल्या लुंगीनेच ऑफिसात आले.

“भाऊसाहेब, मचवा माज्या हातात व्हता,” ते म्हणाले.

आमच्या किनाऱ्यावरच्या तांडेलांची ही रीत आहे. काही झालं की तांडेल आधी हे वाक्य म्हणतो. ही चुकीची कबुली नसते. खलाशांकडे कुणी बोट दाखवू नये, म्हणून तो आधी स्वतः पुढे उभा राहतो आणि मग काय घडलं ते सांगतो. ही रीत मला माहीत होती. माहीत नव्हती असं आज म्हणता आलं असतं, तर किती बरं झालं असतं.

मग त्यांनी कारण सांगितलं. “बांबू न्हवता. धुक्यात खडक कसा कळनार? बांबूच्याच अंदाजानं आमी आत येतो.”

नोकरीला दोनच वर्षं झाली होती, आईला बरोबर आणून बिऱ्हाड मांडलं होतं. मी कागद पुढे ओढला आणि सुबक अक्षरात लिहिलं, की मचवा आपल्या ताब्यात होता व चूक आपलीच, असं तांडेल ‘ॲडमिट्स’. बांबूचं नाव काढलं नाही. वाक्यात एकही चूक नव्हती.

“काय लिवलंत, जरा वाचा,” चाचा म्हणाले.

“तुम्ही सांगितलंत तेच. मचवा तुमच्या हातात होता, असं तांडेल सांगतात.”

“बराबर,” म्हणत त्यांनी अंगठा उठवला. वर माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

महिन्याभरात त्यांचा परवाना रद्द झाला. ते पत्रही वाचायला त्यांनी माझ्याकडेच आणलं. या वेळी मला धड खोटंही सुचेना. वाचून दाखवलं, की तांडेलाने स्वतः चूक कबूल केली असल्यामुळे परवाना काढून घेण्यात येत आहे.

“मी कबूल केलं?” ते म्हणाले. “कोनापुढं?”

“माझ्यापुढं,” मी मान खाली घालून म्हणालो.

शिवी येईल, कागद तोंडावर फेकतील, निदान आवाज तरी चढेल, अशी मी वाट पाहत होतो. त्यांनी टोपी सारखी केली.

“तुमी लिवलंय म्हनजे मी बोललो असनार,” ते म्हणाले. “त्या दिवशी डोकं ठिकान्यावर न्हवतं माजं. तुमी शिकलेली मानसं, तुमच्याकडून चूक कशी व्हईल?”

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पुढची आठ वर्षं ते दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी म्हणून राबले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांना हुकूम द्यायची. मी सीनियर क्लार्क झालो. माझ्या इंग्रजीचं नाव वरपर्यंत गेलं होतं.

१९६५ साली माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या नव्या कारकुनाला धक्का दाखवत होतो, तेव्हा सिराजचाचा दोर गुंडाळत बसले होते. मी त्यांची ओळख करून दिली, खाडीतले सगळ्यात जुने जाणते तांडेल म्हणून.

“आता कसला तांडेल,” ते हसले आणि त्या कारकुनाला सांगू लागले, “माज्या चुकीनं गेला परवाना. खडकावर बांबू व्हता, चांगला नवा रोवलेला. माज्याच डोळ्यांना दिसला न्हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “व्हता ना ओ, भाऊसाहेब?”

दोघं माझ्याकडे बघत होते.

“होता,” मी म्हणालो.