घड्याळ बंद असताना

अन्याय झाला तो वसुधा परब यांच्यावर. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, मुलुंडच्या आमच्या मंडळाच्या बास्केटबॉल कोर्टावर, उपांत्य सामन्याची अकरा सेकंदं उरलेली असताना. अन्याय करणारे चौघे होते: मंडळाचे अध्यक्ष, आमच्या संघाचा प्रशिक्षक, चिटणीस आणि मी. पहिल्या तिघांवर लिहायला मला मजा आली असती. पत्रकं लिहून लिहून हात त्याला सरावलाय. पण या प्रकरणातला मोठा आरोपी मी आहे. म्हणून आधी बाई कोण ते सांगतो.

वसुधाताई भांडुपच्या. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून देण्याचं काम. वय चाळिशीच्या पुढे, पायात रबरी सपाता, केसांचा घट्ट अंबाडा. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी त्या उपनगरातल्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसायच्या. कोर्टाच्या मधोमध, रेषेबाहेर एक लाकडी टेबल असतं. तिथे स्कोअरर गुण, फाउल आणि टाइमआउट लिहितो, आणि शेजारी टाइमकीपर पंचाच्या शिट्टीबरोबर घड्याळ चालू-बंद करतो. टाइमकीपर मी. कोर्टावरची दहा माणसं सगळ्यांना दिसतात, टेबलावरची कुणालाच दिसत नाहीत. मला ते खुपायचं. त्यातही खुपायचं ते हे, की ताई मात्र दिसायच्या.

चेंडू हवेत गेला की सगळं मैदान वर बघायचं. ताई खाली बघायच्या, फेकणाऱ्याच्या पायांकडे. तीन गुणांची रेषा तेव्हा नवीन आली होती. आधी पाय, मग पंचाची बोटं, मग कागद. मी एकदा म्हटलं, "ताई, बास्केट पडली ती तरी बघत जा." तर म्हणाल्या, "ती पडली हे लोक ओरडून सांगतातच रे. पाय कुठे होता ते कोण ओरडतं?"

खेळाडूंचे नंबर त्या टेलिफोनच्या सवयीने फोडून म्हणायच्या. पंचाने चौदा नंबरचा फाउल दाखवला की मोठ्याने, "एक-चार." पंच मान हलवेपर्यंत पेन टेकवायच्या नाहीत. "चार आणि चौदा यांच्यात फक्त एक दांडी असते," त्या सांगायच्या, "आणि त्या दांडीवरून एखादा पोर पाच फाउल भरून बाहेर बसतो. न केलेल्या पापासाठी."

आम्ही दोघांनी टेबलाची परीक्षा एकाच दिवशी दिली होती. मी कॉलेजात तीन वर्षं खेळलो होतो. ताईंनी जन्मात चेंडू हातात घेतला नव्हता. धाकटा भाऊ खेळायचा, त्याच्या सामन्यांना बसून वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडता मांडता त्या शिकल्या. निकाल लागला. त्या पहिल्या आल्या. मी पास झालो. पुढे पंचांचे फोन मंडळात यायचे ते असे: "परबबाई आहेत ना? मग येतो." सुनील आहे ना, असं कोणी विचारलेलं मला माहीत नाही. चहासुद्धा त्यांना कपबशीतून, मला ग्लासातून. ग्लासातला चहा जास्त असतो, हे मला कळत होतं. तरी मला कपबशी हवी होती.

अंधेरीच्या एका सामन्यात फळ्यावर एकसष्ट आणि ताईंच्या कागदावर साठ अशी गत झाली. लोक उठून उभे राहिले, शिव्या सुरू झाल्या. ताई नुसत्या बसून राहिल्या. पंच आला, कागद पाहिला आणि फळा बदलायला लावला. सगळे गुमान खाली बसले. "फळा लोकांसाठी असतो," ताई पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "कागद खेळासाठी."

मी जळलो. का जळू नये? मैदानाच्या अर्ध्या जागेवर लग्नाचा हॉल बांधायचा घाट घातला होता, त्याविरुद्ध मी दोन वर्षं पत्रकं वाटत होतो. रस्त्यात उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडत होतो. लोक माझ्या पत्रकात शेंगदाणे बांधून न्यायचे. आणि ही बाई एक अक्षर न बोलता एवढ्या लोकांना खाली बसवते.

बरं, माझी पत्रकंही सुटली नाहीत. मोर्चानंतर मी छापायला निघालो होतो, "हजारो नागरिकांचा एल्गार." मसुदा ताईंच्या हातात पडला.

"हजारो कुठून आणलेस? मी होते ना मोर्चात. एकशे तेवीस होतो आपण. कुत्रा सोडून."

"ताई, चळवळीत असं लिहावं लागतं."

"हजारो हा आकडा नाही रे, तो आवाज आहे. एकशे तेवीस छाप. आले त्यांची तरी नोंद होईल."

मी हजारोच छापले. पण तेव्हापासून तो शब्द लिहिताना माझा हात अडखळतो, आणि त्याचाही राग मी ताईंवरच काढला.

त्या वर्षी राज्य स्पर्धा मार्चमध्ये अंधेरीत व्हायची होती. आमच्या मंडळातून टेबलासाठी एकच नाव जायचं, आणि पत्र आलं ते ताईंच्या नावाने. अंतिम सामन्याला स्कोअरर म्हणून बाई बसणार, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडत होतं. ताईंनी खात्यात रजा टाकली. पूर्वार्धासाठी लाल आणि उत्तरार्धासाठी निळं, अशी दोन नवी पेनं आणली आणि मला दाखवली. मी म्हटलं, "झकास." घरी जाऊन आईला सांगितलं की भूक नाही.

आता ती अकरा सेकंदं. आमचा संघ एका गुणाने मागे. चेंडू समोरच्या संघाच्या हाताला लागून बाहेर गेला, शिट्टी झाली, मी घड्याळ बंद केलं. आमचा एक टाइमआउट शिल्लक होता. तो घेतला असता तर शेवटचा डाव आखायला मिनिटभर मिळालं असतं. टाइमआउट मागायचा तर प्रशिक्षकाने स्वतः टेबलाशी येऊन मागायचा, हातांनी खूण करायची. नियम एवढाच आहे. आमचा प्रशिक्षक रेषेवर उभा राहून पंचाशी आधीच्या एका फाउलवरून भांडत होता, आमच्याकडे पाठ करून. ओरडले ते अध्यक्ष, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून.

"टाइमआउट! ओ बाई, टाइमआउट द्या!"

ताईंनी प्रशिक्षकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाठ ती पाठच राहिली. चेंडू आत आला, मी घड्याळ चालू केलं, शेवटची फेक कडीवर आपटली आणि आम्ही हरलो.

बुधवारी मंडळाच्या कार्यालयात चौकशी. अध्यक्ष म्हणाले, टाइमआउट मागितला होता. ताई म्हणाल्या, "ओरडले होते. मागितला नव्हता." मग प्रशिक्षक टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाला की आपण टेबलाकडे वळून हात केला होता. म्हणजे त्याचा शब्द आणि ताईंचा शब्द. चिटणीस माझ्याकडे वळले. "सुनील, तू शेजारीच होतास. काय पाहिलंस?"

मी नगरसेवकाला भर सभेत तोंडावर बोललेला माणूस आहे. अध्यक्षांची मला भीती नव्हती. मला ताईंची खुर्ची हवी होती. मी म्हणालो, "माझं लक्ष घड्याळाकडे होतं."

ताईंनी मान वळवली. आवाज चढला नाही.

"घड्याळ बंद होतं ना रे तेव्हा? मग बंद घड्याळात काय बघत होतास?"

खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. प्रशिक्षकाला कळलं, अध्यक्षांना कळलं, कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही कळलं, त्याचं पेन थांबलं. चिटणीस म्हणाले, "बाई, प्रश्न आम्ही विचारायचे." आणि खाली लिहवून घेतलं: संशयाला जागा आहे. टेबलावर बसणाऱ्यांच्या यादीतून, म्हणजे पॅनलवरून, वसुधा परब हे नाव काढलं.

जिन्यात ताई माझ्या पुढे उतरत होत्या. मध्येच थांबल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "राज्य स्पर्धेला आता तुलाच पाठवतील. बाहेरगावचे संघ असतात, नंबर दोनदा विचार. आणि पाय बघ."

मलाच पाठवलं. मी बसलो, त्याच खुर्चीत, अंतिम सामन्याला. एक चूक केली नाही. सामना संपल्यावर मुख्य पंचाने माझ्या कागदावर सही केली, कागद परत दिला आणि विचारलं, "परबबाई नाही आल्या?" खुर्ची मिळाली की जळणं थांबेल, असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. रिकाम्या खुर्चीवरसुद्धा माणूस जळू शकतो, हे मला तिथे कळलं.

वर्ष गेलं. ताई कुठल्याच मैदानावर दिसल्या नाहीत. गेल्या महिन्यात मी भांडुपला त्यांच्या घरी गेलो. त्या मोरीपाशी तिसऱ्यांचे शिंपले साफ करत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मला माफ करा."

राग आला की ताई मालवणीत शिरतात. वर न बघता म्हणाल्या, "मेल्या, तुझी माफी घेऊन मी काय करू? पॅनलवर माफी लावतत काय? माका माझा नाव व्हया." मग विळीवर शिंपला ठेवून, माझ्याकडे बघून, "चहा घेशील?"

कपबशीतून दिला.

मी मंडळाला लेखी दिलं: प्रशिक्षक टेबलाशी आला नाही, त्याने खूण केली नाही, मी पाहत होतो आणि खोटं बोललो. माझं नावही पॅनलवरून काढा, असंही लिहिलं. चिटणीसांनी कागद वाचला. "वर्षभराने आठवलं? आणि एकट्याचंच म्हणणं. दुसरा साक्षीदार आण, मग बघू."

दुसरा साक्षीदार तुम्ही आहात, हे पत्रक हातात धरलेले. टेबलाच्या समोरच्या पायऱ्या त्या दिवशी भरलेल्या होत्या. आमच्याकडे प्रशिक्षकाची पाठ होती, म्हणजे तुमच्याकडे त्याचं तोंड होतं. तो टेबलाकडे वळला नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा स्पष्ट पाहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी मॅच घालवली असं कुणी म्हणालं तेव्हा गप्प बसलात. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या कार्यालयात या. जे पाहिलं तेवढं सांगा, त्याखाली सही करा. इतके दिवस का आला नाहीत, असं चिटणीसांनी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवा. मी दारातच उभा असेन.