शाळेतून रिटायर झालेली बस

ग्वाल्हेरमध्ये मराठी माणसाला गुपचूप काही विकत घेता येत नाही. दौलतगंजात नुसता पंखा बघितला, तरी आपण घरी पोचेपर्यंत तीन काकांना त्याची कंपनी माहीत असते. आम्ही तर बस बघायला निघालो होतो! बस मिळो न मिळो, किस्से मात्र ढीगभर मिळाले.

आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला मित्र तन्मय. एका शाळेची जुनी बस विकायला होती. ती घ्यायची, सीट काढायच्या, आत पलंग, ओटा, पुस्तकांचं कपाट बसवायचं आणि देश बघायचा. फ्लॅटच्या हप्त्यांपायी पन्नाशीपर्यंत वाकून राहायचं नाही, हा आमचा विचार. अडचण एकच होती. बस उभी करायला घरामागचा प्लॉट हवा, आणि प्लॉट बाबांचा. रविवारपर्यंत हो म्हटलं नाही, तर भंगारवाला कबाडी बस कापून नेणार.

बाबा वीज खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लोक रस्त्यावरून घरात येतात. तू घरातून रस्त्यावर जा."

"बाबा, म्हणजे हो की नाही?"

"बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाहीच. फक्त ते नंतर कळवतात.

*

बस किला गेटच्या पुढे शाळेच्या मैदानात उभी होती. तन्मय खाली घुसला, ठोकठाक करून तोंड काळं करून बाहेर आला. "मुक्ता, गाडी मजबूत आहे यार!"

मी मागचा आपत्कालीन दरवाजा उघडायला गेले. हलेना. नीट बघितलं, तर चारी बाजूंनी वेल्डिंग!

शाळेचे संचालक शेजारीच उभे होते. म्हणाले, "अरे बेटा, बच्चे खोल लेते थे।"

"और आग लग जाती तो?"

"आज तक तो नहीं लगी।"

माझं डोकंच फिरलं. गेल्या सत्रापर्यंत याच डब्यात मुलं कोंबून नेत होते! मी वाट्टेल ते बोलले. संचालक जराही चिडले नाहीत. "आप क्यों टेंशन ले रही हो? आपको कटवा के देंगे। फ्री में!"

म्हणजे दार उघडता येत होतं! फक्त त्यासाठी गिऱ्हाईक असावं लागतं, विद्यार्थी असून चालत नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, "शाळेचं शाळा बघेल. तू तुझं बघ."

*

मग नोंदणी बदलून मिळेल का, ते विचारायला गेलो. परिवहन कार्यालयाबाहेर एक एजंट छत्रीखाली टेबल टाकून बसला होता. त्याला सांगितलं, बसचं घर करायचंय.

"लिस्ट में घर नहीं आता, मैडम। एम्बुलेंस आता है। चलता-फिरता शौचालय आता है। शव वाहन आता है।"

"और जिंदा आदमी रहना चाहे तो?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "शौचालय करवा लो। फिर अंदर कौन देखता है!"

या देशात चाकांवर मरता येतं, मोकळं होता येतं. राहता तेवढं येत नाही!

*

एव्हाना बातमी पार कंपू मोहल्ल्यापर्यंत गेली होती. तिथून बाबांचे मित्र भाऊकाका आले. यांचे पूर्वज दरबारात कारभारी, आमचे शिलेदार. हे आम्हाला दर भेटीत ऐकावं लागतं.

चहा यायच्या आत भाऊकाका म्हणाले, "पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या मागची सीट माझी. आमच्या पणजोबांना दरबारात उजव्या हाताला बसायचा मान होता."

बसच्या विरोधात असलेले माझे बाबा एकदम खवळले. "उजव्या हाताला? तुमचे पणजोबा आत बसून जमाखर्च लिहायचे! घोड्यावर आमचे होते. पुढची सीट आमची!"

न घेतलेल्या बसमधल्या सीटवरून दोन म्हातारे भांडत होते, आणि मधे कोणी बोलायचं नाही! शेवटी मी ओरडलेच. "काका, सीट राहणारच नाहीत! सगळ्या काढणार आहोत!"

मग भाऊकाका बाबांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे सगळे सारखेच बसणार?"

बाबांनी खेदाने मान हलवली. त्या दिवसात त्या दोघांचं फक्त एवढ्यावर एकमत झालं.

*

शेजारच्या मावशींचा मुद्दा वेगळा होता. "बाकी ठीक आहे गं. पण ओटा आग्नेयेलाच घे."

"मावशी, बस वळते!"

"मग वळवायची नाही."

*

शनिवारी सकाळी ट्रायल होती. बाबा स्वतःहून आले. संचालकांना तोंडावर 'नाही' सांगायला आलो आहे, असं त्यांनी वाटेतच सांगून टाकलं. तन्मय पुढे बसला, आम्ही मधे. बस चालवायला शाळेचे जुने ड्रायव्हर रामसेवकजी. वर्षानुवर्षं हीच बस, हाच रस्ता.

पहिल्या वळणावर त्यांनी बस थांबवली आणि दार उघडलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तर एका बाईने एक पोरगं उचलून आत ठेवलं! मागून आणखी चार. दप्तरं, डबे, बाटल्या.

"रामसेवकजी, ये क्या?"

त्यांनी जीभ चावली. "आदत है, बिटिया। हाथ अपने आप रुक गया।"

पिवळी बस दिसली की मूल आत! कोण चालवतंय, आत कोण बसलंय, कोणी बघायला नको? मी खाली उतरून सांगायला लागले, तर एक आई बाबांवरच डाफरली, "कल आए ही नहीं आप लोग! फोन भी नहीं उठाते!"

बाबा म्हणाले, "सॉरी, मैडम।"

आता पोरं रस्त्यात सोडणार कशी? निघालो. रामसेवकजींचा हात दर कोपऱ्यावर आपोआप थांबत होता. बस भरली. बाबांनी आपली जागा दोन मुलींना दिली. मग गर्दीतून वाट काढत ते मागे गेले आणि त्या वेल्डिंगच्या दरवाजापाशी उभे राहिले.

शाळेच्या फाटकात संचालक उभेच होते. पोरं उतरताना बघून त्यांचा चेहरा खुलला. "वाह! ये तो बढ़िया चल रही है। नई वाली रोज लेट होती है। भाई साहब, एक काम करते हैं, इस साल हम ही चला लेते हैं। आप अगले साल ले जाना।"

मी तोंड उघडलं, पण बाबांनी हाताने थांबवलं. शेवटचं मूल उतरेपर्यंत ते थांबले. मग ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेले, किल्ली काढली, कुर्त्याच्या खिशात टाकली आणि खाली उतरले.

"मुक्ता, टेम्पो थांबव."

"अंकल!" संचालक मागून ओरडत होते. "अंकल, चाबी!"

बाबा टेम्पोत इतर सवाऱ्यांमध्ये बसून मला जागा करत होते.