पाठीमागे बांधलेले हात

सदर बाजारातल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मला माहीत नाही. माझ्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधलीच रिकव्हरी त्याने सुरू केली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. न राहवून मी बटणाकडे हात नेला.

"दीदी, थांबा! तो स्वतःच सुधरून राहिला. मधात हात घातला तर आहे तेही जाईल."

घरी, लकव्यानंतर आमचे हे पुन्हा बोलायला शिकत होते. "पा… पा…" एवढं झालं की मी पेला पुढे करायची. त्या दिवशी मी पेल्यासकट हात पाठीमागे नेले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पाणी."

मी पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पुन्हा एकदा म्हणाले, "पाणी."